मार्टा मुराळी

मार्टाला "या कधी घरी" म्हणायची सोय नव्हती. ती यायची.

आपण लग्नात, बसस्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत कितीतरी जणांना घरी बोलावतो. त्यातलं कोणी खरंच आलं तर आपणच दचकतो. मार्टाला हे ठाऊक नव्हतं. एरंडोलच्या बाजारात एका मारवाडी शेठजींनी ओढणी बांधून देताना तिला सहज म्हटलं, "कभी घर आओ, बेटी." दुसऱ्या दिवशी सकाळी ती काखेत कलिंगड घेऊन त्यांच्या दारात. शेठजी टॉवेलावर, शेठाणी पूजेत. "आता आलीच आहेस तर जेवूनच जा," असं शेठाणी म्हणाली. ती जेवूनच आली. पुढे एखाद्या रविवारी ती गेली नाही तर शेठाणीचा मला फोन यायचा.

लोक नकाशा बघून फिरतात. मार्टा लोकांच्या शिष्टाचारावर फिरली. त्या एका उन्हाळ्यात तिने नशिराबादचं एक बारसं केलं, जळगावात दोन साखरपुडे केले, आणि एसटीच्या कंडक्टरच्या सासुरवाडीला जाऊन आमरस खाल्ला. मी जन्मभर या जिल्ह्यात मास्तरकी केली. एवढी घरं मी पाहिलेली नाहीत.

ती पोलंडची. आमच्या गावात एक संस्था मुलांसाठी सुट्टीतले वर्ग चालवायची. तिथे शिकवायला, बिनपगारी, उन्हाळाभरासाठी ती आली होती. मी निवृत्त हेडमास्तर, माडीवरची खोली रिकामी, म्हणून तिला आमच्याकडे ठेवलं. मराठी ती येतानाच पुस्तकातून शिकून आली होती आणि वर माझ्या बायकोकडून अहिराणी शिकली. त्यामुळे "कृपया मला पाणी द्या, मी भलती दमी गयी" असं काहीतरी बोलायची. मला आबा म्हणायची, बायकोला माई.

तिला खोटं बोलता येत नसे. येत नसे म्हणजे, पोहता येत नाही तसं. पहिल्याच दिवशी माईने वांग्याचं भरीत वाढून विचारलं, "कसं झालंय?"

"मीठ जास्त, माई."

माईने एक घास घेतला आणि माझ्याकडे वळली. "खरंच जास्त आहे की हो! आणि तुम्ही? लग्न झाल्यापासून नुसते छान, छान!"

त्या दिवसापासून माई स्वयंपाकाचं मार्टालाच विचारायची. माझं मत बाद झालं.

एका लग्नात वरमाईने तिला मोठ्या हौसेने विचारलं, "आमची सून कशी दिसते?" मार्टाने नवरीकडे नीट वाकून पाहिलं. "तिला झोप आली आहे," ती म्हणाली. त्या सबंध लग्नात नवरी तेवढीच एकदा हसली.

पुढे पुढे ती थोडी सावध झाली. कोणी काही म्हटलं की विचारायची, "हे खरं, की नुसतं बोलायचं?" तलाठ्याला विचारायची, पुढाऱ्याला विचारायची. पारावरची टवाळ पोरंही एकमेकांना तसंच विचारायला लागली.

मग आखाजी आली.

इतरत्र जिला अक्षय्य तृतीया म्हणतात ती आमची आखाजी. खानदेशात दिवाळीपेक्षा तिचा मान मोठा, कारण सासरच्या लेकी माहेरी येतात. पण त्या आपल्या आपण येत नाहीत. भाऊ आणायला जातो, नाहीतर त्याच्या नावाने दुसरं कोणी जातं. त्याला मुराळी म्हणतात. बहिणीला नातवंडं झाली तरी मुराळी चुकत नाही.

आमच्या घरी तो चुकत होता. माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्याला देवपुरात राहते. माझ्या मुलाच्या लग्नात घाईगर्दीत आत्याच्या मानाची साडी आधी माझ्या मेहुणीच्या हातात गेली. अक्का भर मांडवात म्हणाली, "आता तुझं बोलावणं आल्याशिवाय तुझा उंबरा चढणार नाही." मी म्हणालो, "रस्ता तुला माहीत आहे." त्यानंतर मी बोलावलं नाही आणि ती आली नाही.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी मार्टा ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. माई आत पुरण वाटत होती.

"आबा, अक्काला आणायला कोण गेलं?"

"कोणी नाही."

"का?"

मी साडीची हकिगत सांगितली. ती ऐकताना तिच्या तोंडावरची माशी हलली नाही. मग म्हणाली, "मी जाऊ?"

मी तिचाच प्रश्न तिला विचारला, "खरं, की नुसतं बोलायचं?"

"खरं."

"जा," मी म्हणालो. थोडं थांबून म्हणालो, "माझं नाव सांग."

हे बोलणं आम्हा दोघांखेरीज कोणी ऐकलं नाही. पुढचं सगळं त्यावरच घडलं, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती धुळ्याला गेली. भर दुपारी दारात रिक्षा थांबली. समोरच्या निंबाला झोका बांधलेला, लेकीबाळींची गाणी चाललेली, ओट्यावर आमची सगळी भावकी जेवणाची वाट बघत बसलेली. रिक्षातून आधी मार्टा उतरली आणि मग तिचा हात धरून अक्का. नवी साडी नेसली होती. माझ्याकडे बघून हसली. किती वर्षांनी.

तेवढ्यात माझा चुलतभाऊ वामन मोठ्याने ओरडला, "काय आबा! झुकला ना शेवटी? रस्ता तर तिला माहीत होता!"

सगळा ओटा हसला. वाईट मनाने हसलं असंही नाही, सणाचं हसणं होतं ते. मीही हसलो असतो तर तिथेच संपलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "मी कोणाला धाडलं नाही. ही पोर आपल्या मनाने गेली असेल."

झोका थांबला. अक्काने मार्टाचा हात सोडला. "भाऊनी धाडं म्हने ना तू?"

मार्टाने माझ्याकडे पाहिलं. मी झोक्याकडे पाहत होतो. माझी पक्की खात्री होती की आता ही सांगणार. जिला भरतातलं मीठ लपवता येत नव्हतं, ती हे काय लपवणार?

"माझी चूक झाली, अक्का," ती म्हणाली. "आबा काही बोलले नव्हते. मला तुमची रीत समजली नाही."

अक्का त्याच रिक्षात परत बसली. माई आतून धावत आली तोवर रिक्षा वळली होती. मार्टाही चढली. आणलेल्या लेकीला मुराळीच परत पोचवतो, एवढी रीत तिला बरोबर समजली होती.

संध्याकाळी ती परतली आणि मुकाट्याने माडीवर गेली. माई तिच्यावर रागावली. "ज्यातलं कळत नाही त्यात पडू नये, बाई." तेही तिने ऐकून घेतलं. मी शेजारीच होतो.

मला सगळ्यात जास्त लाज याच्यानंतरच्या गोष्टीची वाटते. गोऱ्या मुराळीचा किस्सा गावभर झाला आणि तो सांगण्यात माझा हात धरणारं कोणी उरलं नाही. लग्नकार्यात लोक म्हणायचे, "आबा, ती मुराळी होऊ द्या." मी तिचं चालणं, तिची अर्धी पुस्तकी भाषा, सगळं करून दाखवायचो. लोक हसून हसून ठसका लागेपर्यंत हसायचे.

उन्हाळा सरल्यावर मार्टा तिच्या देशाला गेली. पण दर वर्षी आखाजीच्या दिवशी फोनवर तिचा निरोप येतो. तब्येतपाणी विचारत नाही. एकच ओळ असते: "अक्का आली का?" मी काहीबाही कळवत राहिलो. तिची तब्येत बरी नाही, ऊन फार आहे, पुढच्या वर्षी येईल.

यंदा माझा फोन माईच्या हातात होता. तिने ती ओळ वाचली. "या पोरीला काय पडलंय एवढं अक्काचं?" तिने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. माईने मला जेवायला वाढलं, पण स्वतः माझ्यासोबत बसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याची बस धरली.

अक्का गच्चीवर कुरडया उलटत होती. पाठ वाकली आहे, नजर मात्र तशीच. मला बघून म्हणाली, "बाजूला सरक, सावली पडस कुरडयांवर."

मी सरकलो आणि उभ्यानेच सांगितलं. मीच धाडलं होतं तिला. माझं नाव सांग म्हणून मीच म्हणालो होतो.

अक्का कुरडया उलटत राहिली. शेवटची ओळ संपल्यावर भिंतीला टेकून बसली. मला वाटलं, आता मांडवातली साडी निघेल. मी ऐकायची तयारी ठेवली होती.

"ती पोर माले दारपर्यंत सोडाले उनी," अक्का म्हणाली. "मी तिले खोटारडी म्हनं. तोंडवर दार लावं. कोनी दारशी उना तर मी कधी तसा जाऊ देत नही. तिले पानी बी नही इचारं."

मग म्हणाली, "लाव तिले फोन."

मी लावला. तिकडे मार्टाचा चेहरा दिसला, केस आखूड केलेले, मागे कुठलंतरी स्वयंपाकघर. अक्काने फोन माझ्या हातून घेतला. माझ्याविषयी एक शब्द बोलली नाही.

"पोरी, मी तुले त्या दिनले पानी बी नही इचारं."

मार्टा हसली.

"राहू द्या, अक्का. माले तहान लागेल नव्हती."

तिच्या तोंडावर दार लागलं ती आखाजीची दुपार होती, धुळ्याच्या भर उन्हातली. अक्काने फोन तसाच तोंडासमोर धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने पदर डोळ्यांना लावला.