व्हॅलेटातली बुटांची रांग

सगळ्यांच्या पुढे चालायचं, एवढंच मी ठरवलं होतं. बाकी जे झालं ते आपोआप झालं, असं माझं म्हणणं आहे. (मंजिरीचं म्हणणं वेगळं आहे. मंजिरी म्हणजे माझी बायको. तिचं म्हणणं माझ्यापेक्षा वेगळंच असतं.)

आमच्या विलायतेतल्या हॅरोमध्ये चालणाऱ्यांचा एक क्लब आहे. दर रविवारी कुठल्यातरी शेतातल्या चिखलात जायचं, फाटकाला टेकून गार सँडविच खायचं आणि परत यायचं, असं त्याचं कार्य. सभासद बहुतेक सत्तरीच्या पुढचे. मुलगी युनिव्हर्सिटीला गेल्यावर मंजिरी त्या क्लबात गेली आणि मंजिरी गेली म्हणून मी गेलो. स्लाऊमधल्या ऑफिसात मी दिवसभर बसून असतो, त्यामुळे माझ्या तब्येतीचं कारण पुढे करणं तिला सोपं गेलं.

क्लबचा लीडर कीथ यंदा निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागी मंजिरीला यायचं होतं. तिला हे किती मनापासून हवं होतं ते मला माहीत होतं. आम्ही इतकी वर्षं हॅरोत राहतो. मुलीची शाळा, रस्त्यावरची पार्टी, लायब्ररी वाचवण्याची मोहीम, सगळीकडे मंजिरी हौसेने जाते आणि सगळीकडे तिला एकच काम मिळतं. "एकदा तरी," ती मला म्हणाली होती, "मला लोकांनी समोसे न मागता रस्ता विचारावा." हे ऐकून मी हसलो नाही. मला खरंच वाईट वाटलं.

तर क्लबची माल्टाची सहल मंजिरीने आखली. तिच्या लीडरपणाची ती परीक्षाच होती. शेवटच्या दिवशी सकाळी व्हॅलेटा शहराची गाईडसोबत पायी सफर आणि दुपारी एअरपोर्टची बस. सफरीत मंजिरी बॅक-मार्कर होती, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहून कोणी मागे पडत नाही ना ते बघणार. मला तिने नाश्त्याच्या वेळीच सूचना दिली होती. मध्ये चालायचं, प्रश्न विचारायचे नाहीत आणि स्वतःहून काहीही करायचं नाही.

पण तीन दिवस मी मध्येच चालत होतो. मध्ये चालणाऱ्याला फक्त पुढच्यांच्या रकसॅक दिसतात. शिवाय आमची गाईड ग्रेझिएला फार छान बोलत होती आणि मागे आम्हाला तिने खुणेसाठी उंच धरलेला पिवळा पंखा तेवढा दिसत होता. म्हणून मी पुढे गेलो. माझ्यामागे डोरीन, क्लबची सर्वांत जुनी सभासद, वय वर्षं ऐंशीच्या आसपास. तिच्यामागे कीथ आणि मग बाकी वीस-बावीस जण.

ग्रेझिएला आम्हाला एका लहान चर्चकडे घेऊन गेली. आत बोलताना आवाज खाली ठेवा, खांदे झाका, ही पवित्र जागा आहे, असं सांगून ती आत शिरली. मी दाराशी आलो. आतून गार हवा आली, मेणबत्त्या दिसल्या, पवित्र जागा हे शब्द कानात होतेच. मी पायरीवर बसलो आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागलो.

मी विचार केला नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं देवाच्या दारात जे हात करत आले तेच त्यांनी केलं. बूट नवे होते, नाड्या लांबलचक होत्या, त्यामुळे मला वेळही बराच लागला. तेवढ्यात माझ्यामागे रांग तयार झाली. बूट काढून मी दाराच्या आत, भिंतीला लावून ठेवले आणि मोज्यांवर पुढे गेलो. मागे वळून बघितलं तर डोरीन पायरीवर बसून नाड्या सोडत होती. तिच्यामागे कीथ एका पायावर उभा होता.

आत एक जर्मन कुटुंब फिरत होतं. चौघांच्याही पायात बूट होते. मी वळेपर्यंत सगळा क्लब मोज्यांवर आत आला होता आणि छताकडे बघत होता. सर्वांत शेवटी मंजिरी आली. तिच्याही पायात बूट नव्हते.

"रघू," ती अगदी हळू म्हणाली, "हे तू केलंस?"

"तू तुझे कशाला काढलेस?"

"बावीस माणसांनी काढलेत म्हटल्यावर मी एकटी बूट घालून येऊ? लीडर व्हायचंय मला."

मी म्हटलं, काळजी करू नकोस, बाहेर पडताना सगळे गुपचूप बूट घालतील आणि विषय संपेल. माझा हा अंदाज बरोबर ठरला असता. पण तेवढ्यात ग्रेझिएलाने घड्याळ बघितलं. रोज दुपारी बाराला वरच्या बागेजवळ तोफ उडवतात, ती चुकवायची नाही, चला लवकर, असं म्हणत तिने पंखा उंच केला आणि ती आम्हाला बाजूच्या दाराने भलत्याच गल्लीत घेऊन गेली.

आता कोणीतरी बोलायला हवं होतं. मी डोरीनकडे बघितलं, डोरीनने कीथकडे बघितलं, कीथने छताकडे बघितलं. आणि मग सगळा क्लब ओळीने, मोज्यांवर, माल्टाच्या उन्हात बाहेर पडला.

व्हॅलेटाच्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या, आणि तापलेल्या पायऱ्या. आम्ही तव्यावर पाय ठेवावेत तसे भराभर चढत होतो. एका सज्ज्यातून एका आजीबाईंनी आम्हाला बघून छातीवर क्रूसाची खूण केली. पुढे एका दुकानदाराने धावत येऊन सगळ्यांना गार पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि पैसे घ्यायला नकार दिला. डोरीनचा तर त्याने हातच कपाळाला लावला. ती म्हणाली, इथले लोक फार प्रेमळ दिसतात.

मंजिरी मागून पुढे आली. तिने सगळ्यांना गल्लीच्या सावलीच्या बाजूला घेतलं, डोरीनचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि बागेपर्यंत एकेकाला पोचवलं. तोफ उडाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवता वाजवता ग्रेझिएलाची नजर आमच्या पायांकडे गेली.

इथे चर्चमध्ये बूट काढायची पद्धत आहे का, असं कीथने तिला अतिशय नम्रपणे विचारलं. ती म्हणाली, अजिबात नाही. पण ईस्टरच्या आधी काही लोक नवस बोलून अनवाणी चालतात, म्हणून लोक तुम्हाला पाणी देत होते. आणि चर्च बाराला बंद झालं, आता संध्याकाळी उघडेल.

बस दुपारची होती. मंजिरीचा चेहरा मी बघितला आणि मला पायांपेक्षा ते जास्त लागलं.

"चूक माझी आहे," ती सगळ्यांना म्हणाली. "मागे मी होते. मी थांबवायला हवं होतं."

"नाही, बूट आधी मी काढले," मी म्हणालो. आयुष्यात इतकं धैर्य मी फार कमी वेळा दाखवलं आहे.

"ते माहीत आहे आम्हाला," डोरीन म्हणाली. "आम्ही तुझ्यामागेच होतो."

"मग मला विचारलं का नाही?"

"विचारणं बरं दिसलं नसतं."

बाकी सगळ्यांनी माना हलवल्या. इंग्रज माणसांत विषय तिथे संपतो.

पुढचं सगळं मंजिरीने केलं. डोरीनला आणि बाकीच्यांना झाडाखाली बसवलं, बस कंपनीला फोन करून बस थोडी थांबवली आणि चर्चची किल्ली कोणाकडे असते ते शोधायला ग्रेझिएलाला लावलं. किल्ली ग्रेझिएलाच्या मावसभावाच्या सासऱ्यांकडे निघाली. ते जेवणावरून उठून, गळ्यातला नॅपकिन तसाच ठेवून आले. दार उघडलं तर आमचे बूट त्यांनी भिंतीशी जोडीजोडीने नीट लावून ठेवले होते आणि समोर एक मेणबत्ती पेटवली होती. आमचा नवस कसला, असं त्यांनी विचारलं. मंजिरी म्हणाली, सगळे सुखरूप घरी पोचावेत. त्यांनी डोळे पुसले.

महिन्याभराने हॅरोत चर्चच्या हॉलमध्ये, चहा-बिस्किटांच्या साक्षीने, मतदान झालं. कीथने भाषण केलं. इतक्या सहली मी काढल्या, पण परक्या गावात कोणी मला फुकट पाणी दिलं नव्हतं, असं तो म्हणाला. मंजिरी एकमताने लीडर झाली. मतदानानंतर लगेच एका आजींनी तिला येत्या रविवारचा रस्ता विचारला. मंजिरीने नकाशा उघडला आणि रस्त्यावर बोट ठेवलं. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण माझे डोळे भरून आले होते. (सर्दी होती, असं मी कीथला सांगितलं.)

त्या आनंदात मंजिरीने सगळ्या क्लबला आमच्या घरी चहाला बोलावलं. समोसे ती करणार नव्हती, हे तिने आधीच जाहीर केलं होतं. ते मी दुकानातून आणायचे होते. मी इमानदारीने गेलो, दुकानात गर्दी होती, उशीर झाला. परत येताना मी वाटभर विचार करत होतो. माल्टामध्ये एक मोठा धडा मिळाला होता. दारात आलं की बूट काढायचे हे कोणी ठरवलं? यापुढे चार लोकांत कोणी सांगितल्याशिवाय मी बुटाला हात लावणार नव्हतो.

या निश्चयाने मी, समोशांचे गरम डबे सांभाळत, थेट आमच्या घराच्या हॉलमध्ये शिरलो. गप्पा थांबल्या. वीस-बावीस माणसं माझ्या सोफ्यावर, खुर्च्यांवर, गालिच्यावर मोज्यांमध्ये बसली होती. मागे वळून बघितलं तर दाराशी बुटांची सुरेख रांग होती आणि त्या रांगेपासून माझ्यापर्यंत चिखलाचे ठसे होते. मंजिरी काही बोलली नाही. ती आता लीडर होती, तिला बोलावं लागत नव्हतं.

डोरीनने कप खाली ठेवला, माझ्याजवळ येऊन डबे हातातून घेतले आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "रघू, या घरात बूट काढतात."

मी दाराशी जाऊन पायरीवर बसलो आणि नाड्या सोडायला लागलो. या वेळी माझ्यामागे रांग नव्हती.