टाचेचे जाहीर दर्शन

आजारी माणसाला भेटायला जाणे हे तासगाव भागात पुण्यकर्म समजले जाते, आणि पुण्यकर्माला आजाऱ्याची संमती लागत नाही. तिथल्या एका गावात आकाराम नावाचा कष्टाळू गडी राहत असे. सन सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात गावचे नानासो बोर्डाचे मेंबर झाले, म्हणून वेशीत स्वागताची कमान उभारायचे ठरले. शेंड्याला आंब्याचे डहाळे बांधायला आकाराम वर चढला. बांबू निसटला आणि तो उभाच्या उभा टाचांवर आदळला. डाव्या टाचेचे हाड फुटून कातडीबाहेर आले. मिरवणूक मात्र वेळेवर निघाली.

सांगलीचे डॉक्टर नुकतेच लढाईवरून परतले होते. त्यांनी भूल देऊन जखमेतली माती आणि मेलेले मांस कापून काढले, हाडाचे तुकडे दाबून जागेवर बसवले, जखम न शिवता औषधाची पट्टी भरली आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातले. मग आकारामच्या बायकोला, अंजनाला, बाजूला बोलावून ते म्हणाले, "वास येईल. फार घाण येईल. येऊ द्या. मृग लागेपर्यंत हे उघडायचं नाही. कुणी उघडलं तर पाय जाईल."

अंजनाने मान हलवली. डॉक्टरांना हाडे ठाऊक होती, गाव ठाऊक नव्हते.

आकाराम घरी येताच भेटणाऱ्यांची रीघ लागली. येणाऱ्याने वहाणा काढायच्या, केळी ठेवायची, च्यक् च्यक् करायचे, अशाच दुखण्याने वारलेल्या एखाद्या पाहुण्याची हकिगत सांगायची आणि शेवटी जखम बघायची, असा शिरस्ता होता. पण इथे बघायला जखमच नव्हती. वडूजहून मोटारीने आलेल्या एका सोयऱ्याने निराश होऊन केळी परत पिशवीत भरली.

मग वास सुटला. उकिरड्याशेजारी पिढ्यान् पिढ्या सुखाने नांदलेले लोक आता नाकाला धोतराचा सोगा लावून आत येऊ लागले.

"आगं, आत काय हाय त्येच दिसंना, तर मान्सानं हळहळायचं तरी कशावर?" आकारामची चुलती शालूबाई अंजनाला म्हणाली.

"डाक्टरनं उघडू नगा म्हून सांगितलंय, आत्याबाई."

"डाक्टर काय आपल्यात जेवाय येनार हाय व्हय? सोयरं येत्यात."

तरीही आकाराम बधला नसता. पण चावडीवर बोलणे उठले, की आत काहीच नाही. पेरणी तोंडावर आली म्हणून गड्याने पाय चुन्यात घातलाय. हे मात्र त्याला झोंबले. त्याने कृष्णात सुताराला बोलावणे धाडले.

अंजना खाटेपुढे आडवी उभी राहिली. "आवं, पाय जाईल तुमचा!"

"पाय गेला तर गेला, आब्रू जाया नगं," आकाराम म्हणाला. वाक्य ऐटदार होते. ते गावभर वाखाणले गेले.

कृष्णाताने पटाशीने तळहाताएवढा झरोका पाडला आणि त्याला बिजागरीचे झाकणही बसवले. काम इतके सफाईदार होते, की पहिले चार लोक झाकणच बघून गेले. शालूबाईने दर्शनाची व्यवस्था हाती घेतली. सकाळ मान्यवरांसाठी, दुपार बायकांसाठी, परगावच्यांना केव्हाही मुभा. नुसते बघून जाणे कोणालाच प्रशस्त वाटेना, म्हणून ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे आत काहीबाही घातले. कोणी हळद, कोणी अंगारा, एकाने तंबाखूची चिमूट.

अखेर नानासो आले. ज्यांच्या कमानीवरून पाय मोडला त्यांना तो नीट दिसावा, म्हणून खाट अंगणात काढली, पायाला झेंडूचा हार घातला, झाकण उघडले. नानासोंनी रुमाल नाकाला लावून आत पाहिले आणि त्यागावर भाषण केले. भाषण लांबले. तोवर झाकण उघडेच राहिले, कारण मागच्या लोकांना दिसायचे होते. माश्यांना तेवढी पुढची जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी आकारामला ताप भरला. सांगलीला नेईपर्यंत पाय अर्ध्या पोटरीपर्यंत काळानिळा झाला होता. डॉक्टरांनी प्लास्टर फोडले. आतून हळद निघाली, अंगारा निघाला, झेंडूची एक पाकळी निघाली.

"हाड जुळत आलं होतं," डॉक्टर हळूच म्हणाले. मग एकदम ओरडले, "हे उघडलं कोणी?"

बरोबर आलेल्यांनी एकमेकांकडे पाहिले. "आमी तर निस्तं बघितलं," ते म्हणाले.

आकारामने तोंड भिंतीकडे फिरवले. अब्रू शाबूत होती. ती पायात घालून नांगरामागे कसे चालायचे, हे त्याला कळेना, आणि तो लहान पोरासारखा रडला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तो घरी आला तेव्हा केळी घेऊन पुन्हा रांग लागली. "आता कसं झाकपाक न्हाई, समदं दिसंल," शालूबाई म्हणाली. पण अंजनाने खाटेभोवती वाकळ बांधली आणि ती काठी घेऊन उंबऱ्यात बसली. बाईला माणुसकी नाही, असे सगळ्या गावाचे मत पडले.

वाचकहो, वाकळेपलीकडे तो पाय आता कसा दिसतो, हे वाचायला तुमचीही मान जराशी पुढे झालीच असेल. तुमची चौकशी पोचली. केळी आणली असतील तर उंबऱ्याबाहेर ठेवा आणि निघा.