परबकाकांचा प्रोसेसर

परबकाकांनी एखाद्याला गुपित सांगितलं, की ते तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत सगळ्यांना कळतं. आणि 'पाणी आलं' किंवा 'चहा घेतेस का' असलं साधं काही सांगायचं असेल, तर ते आवाजच काढत नाहीत, नुसते ओठ हलवतात. अठरा वर्षं त्यांनी गिरणीच्या साचेखात्यात काढली. शेकडो माग एकदम धडधडत असताना तिथे कानाशी बोंबललेलंही कळत नसे, म्हणून सगळे एकमेकांचे ओठ वाचून बोलत. कान तिथेच राहिले, सवय तेवढी घरी आली. कधी ओरडायचं आणि कधी पुटपुटायचं हे गणित त्यामुळे कायमचं उलटं झालं.

तर त्या रविवारी सकाळी, ऐन पाण्याच्या वेळेला, आमच्या नायगावच्या चाळीच्या पॅसेजमध्ये उभे राहून काका गरजले, "शुभा! गो शुभा! माझो प्रोसेसर गेलो!"

तावडेवहिनींच्या हातातली बादली खाली आदळली. त्यांनी ऐकलं ते भलतंच, 'प्रोस्टेट'. "अगं बाई! आमच्या ह्यांनाही त्याच वयात झालं होतं हो. ऑपरेशन केलं, आता ठणठणीत आहेत. रात्री फार त्रास होतो का, भावजी?"

काकांनी त्यांचे अर्धेमुर्धे ओठ वाचले आणि त्याच पट्टीत उत्तर दिलं, "रात्री नाय, दुपारी! दुपारी तापता! हात लावूक देणा नाय!"

वहिनींनी तोंडाला पदर लावला आणि दार ओढून घेतलं. शुभा म्हणजे मी. मी काकांना धरून त्यांच्या खोलीत नेलं.

मी एका इस्पितळात बिलं करते. म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते, पण त्याच्या पोटात काय असतं हे मला माणसाच्या पोटात काय असतं त्याहूनही कमी ठाऊक. काकांच्या लेखी मात्र चाळीत 'कॉम्प्युटरवाली' मी एकटीच. आत गेले आणि दारातच थबकले. खाटेवर स्वच्छ पंचा पसरलेला, त्यावर उघडा पडलेला कॉम्प्युटर, बाजूला दाढीचा ब्रश, स्क्रू ठेवलेल्या तीन वाट्या आणि भिंतीवर काकींचा हार घातलेला फोटो.

"काका, हे काय?"

"गेम खेळतंय."

"कोण?"

"मी! ट्रकाचो गेम!"

एकाहत्तर वर्षांचा माणूस. बायको गेल्यावर ज्याने टीव्हीसुद्धा लावला नाही, तो दुपारी दार लावून ट्रक चालवतो, हे पचायलाच मला दोन मिनिटं लागली. मिक्सर-पंखे दुरुस्त करून गिरणीनंतरचं आयुष्य काढलेले काका, प्रभादेवीच्या कुठल्याशा ऑफिसातून भंगारात निघालेलं मशीन घेऊन आले होते. चित्र काढणारं कार्ड नंतर आखातातून कुणाच्या तरी सामानातून आलं. आणि आता गेमची नवी आवृत्ती आल्यापासून ट्रक उड्या मारत होता.

"कार्ड झकास असा," ते म्हणाले. "पण प्रोसेसर दोन कोअरचो, म्हणजे दोनच कामगार. तो धापा टाकता नि कार्ड बसून तंबाखू मळता. आता सांग, लोड कोणावर येता?"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. तावडेंच्या मुलीच्या लग्नात मांडवाचा खांब हलवून त्यांनी मला हेच विचारलं होतं, आणि निवडणुकीच्या दिवशी मतदानाच्या रांगेतही.

दुपारी आम्ही बसने लॅमिंग्टन रोडला, रविवारीही उघडं असणाऱ्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. मला न्यायचं कारण बसमध्ये कळलं: दुकानदाराला मिशी होती. काका आधी एकदा एकटेच जाऊन आले होते आणि मिशीमुळे त्यांना एक शब्द वाचता आला नव्हता. मिशी खरोखरच भरघोस होती, वरचा ओठ पार झाकणारी.

"चाचा, आपका बोर्ड ही पुराना है," दुकानदार म्हणाला. "छह कोर का नया प्रोसेसर लो. बोर्ड नया, रॅम नई. सब मक्खन."

मी ते ओठांनी काकांना पोहोचवलं. काकांनी तळहात पुढे केला. त्यावर बोर्डाचा नंबर, प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचा नंबर आणि किती वॉटचा प्रोसेसर झेपेल ते पेनाने लिहिलेलं होतं.

"माझो गेम सगळो भार एक-दोन कोअरांवर टाकता! बाकीचे चार काय भजन करतले? ह्याच सॉकेटचो चार कोअरचो दाखव, जुनो चलात. पण कोअर धावणारो होयो!"

दुकानदाराचा हात फळीवरच राहिला. मग त्याने खणातून जुन्या प्रोसेसरची एक डबी काढली. काका म्हणाले, ह्याची किंमत वेग वाढवता येतो म्हणून आहे, माझा बोर्ड तो वाढवूच देत नाही. दुसरी काढली. काकांनी भिंगातून खालचे सोनेरी ठिपके तपासले, कडेला वास घेतला नि परत दिली. "ह्यो करपलो होतो." दुकानदाराने स्वतः हुंगून पाहिलं आणि माझ्याकडे वळला. "मॅडम, ये हैं कौन?"

मलाही त्या क्षणी ते नीटसं माहीत नव्हतं.

तिसरी डबी पसंत पडली. पण दुकानदारही जिद्दी. त्याने शेजारच्या नव्याकोऱ्या सहा कोअरच्या मशीनवर तोच ट्रकचा गेम लावला. ट्रक असा पळाला, की जणू रस्त्यावर तेल ओतलंय. काका बघत राहिले. सकाळपासून पहिल्यांदाच ते गोंधळले होते. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी वाचलं: "तेका थांबूक लागता."

"कोणाला, काका?"

"झीलाक!" ते ओरडले. सगळं दुकान वळून बघायला लागलं. "माझो ट्रक उड्या मारत मागे रवता, नि तो थयसर रस्त्याच्या कडेक माझी वाट बघत थांबता!"

झील म्हणजे त्यांचा मुलगा दिनेश, मस्कतला इलेक्ट्रिशियन. दोन-तीन वर्षांतून एकदा येतो, खाटेच्या एका टोकाला बसतो, काका दुसऱ्या टोकाला, आणि चार दिवसांनी निघून जातो. दोघांचं जुनं भांडण आहे, असं अख्खी चाळ धरून चालली होती. मीसुद्धा.

मुलगा मस्कतहून ह्याच गेममध्ये बापासोबत ट्रक चालवतो, हे मी दुकानदाराला दोन वाक्यांत सांगितलं. नवं मशीन त्याने बंद केलं, काकांच्या पसंतीचा प्रोसेसर तसल्याच एका जुन्या बोर्डावर बसवला, काकांचं कार्ड होतं त्याच जातीचं कार्ड लावलं आणि स्टूल पुढे सरकवलं. काकांनी पंधरा मिनिटं ट्रक चालवला. एकदाही उडी नाही. "हिसाब चाचा का ही सही है," तो मला म्हणाला. मग काकांच्या समोर उभा राहिला, दोन बोटांनी स्वतःची मिशी वर उचलून धरली आणि सावकाश ओठ हलवले, "कुछ भी हुआ, तो वापस ले आना. बदल दूँगा."

काकांनी मान डोलावली. "आता कसो माणूस दिसलो!"

परतताना बसमध्ये काका बोलले. मोठ्याने बोलले, म्हणून पुढच्या चार बाकांनीही ऐकलं. "गिरण्यांचो संप लागलो. सा म्हयने झाले, घरात खावक काय नाय. दिनेश आठ वर्षांचो. परळाक एसटीत बसवलंय, कुडाळाक भावाकडे धाडलंय. म्हटलंय, संप मिटलो की तुका घेवन येतंय."

मांडीवरची प्रोसेसरची डबी त्यांनी दोन्ही हातांत घेतली.

"संप काय मिटलो नाय."

मुलगा तिथेच शिकला, तिथेच वाढला. बापाला ओळखायची वेळ आली तेव्हा बापाला फोनवर ऐकू येत नव्हतं. हा गेम दिनेशनेच सुचवला होता. इंटरनेटवरून दोघांचे ट्रक एकाच रस्त्याने जातात. बोलायची सक्तीच नाही.

घरी पोहोचल्यावर काकांनी जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला, तो तापू नये म्हणून वर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवून पंखा आवळला आणि बटण दाबलं. स्क्रीन काळीच. काकांनी पेटीवर तळहात ठेवला. "पंखो फिरता," म्हणाले. बोर्डाने जुना प्रोसेसर विसरावा म्हणून त्यावरची बटणाएवढी बॅटरी काढली, देवाला हात न जोडता दहा मिनिटं नुसते बसून राहिले, ती परत लावली आणि पुन्हा बटण दाबलं. स्क्रीन उजळली, तेव्हा त्यांच्याऐवजी मीच किंचाळले. तावडेवहिनी धावत आल्या. "काय झालं? ऑपरेशन?"

"झालं, वहिनी," मी म्हटलं. "यशस्वी."

पुढच्या रविवारी दुपारी मी मुद्दाम डोकावले. दार उघडंच होतं. स्क्रीनवर लांबलचक रस्ता, पुढे एक निळा ट्रक, मागे काकांचा, दोघांत बैलगाडीएवढंही अंतर नाही. तासभर तसेच चालले असतील. मग कोपऱ्यात रोमन अक्षरं उमटली: 'बाबा, जेवूया?' निळा ट्रक कडेला थांबला. काकांनी आपला ट्रक त्याच्या मागे नेऊन लावला, उठले, ताट वाढून आणलं आणि स्क्रीनसमोर बसले. तिकडे मस्कतमध्ये दिनेशही ताट घेऊन बसला असणार.

काही वेळाने अक्षरं आली: 'माझं झालं. निघूया?'

काकांनी डाव्या हाताच्या एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं: 'थांब. जेवतंय.'

'सावकाश,' उत्तर आलं.

एरवी पाच मिनिटांत ताट धुऊन पालथं घालणारे काका भाताचं एकेक शीत वेचून खात होते. पुढच्या ट्रकचे मागचे दिवे लुकलुकत होते.