चोच राहिलेला पोपट

अनसाकाकू बसलेली कुणी पाहिली नव्हती.

झरी गावात आम्ही बिऱ्हाड मांडलं त्या दिवशी शेजारची ही बाई आमच्या दारावरून इतक्यांदा गेली की मला वाटलं, हिचं काहीतरी हरवलंय. उजव्या हातात सुई, डाव्या हातावर पोराचा साधा पांढरा सदरा, आणि पाय चालूच. चालता चालता टाका घालायचा, दोरा ओढायचा, पिंपळापाशी वळायचं, परत यायचं. शेवटी मीच म्हटलं, "काकू, बसा की घटकाभर."

ती थांबली. म्हणजे जागच्या जागी पाय हलवत राहिली. "बसले की जीव घाबरा होतोय माय. तुमी बसा, मी कशिदा काढायले."

माझे यजमान तिथल्या शाळेचे हेडमास्तर. चार दिवसांत त्यांच्याही लक्षात आलं की गावातल्या पोरांना मास्तरांपेक्षा अनसाकाकूचा धाक जास्त. कारण साध्या सदऱ्याशी तिचं हाडवैर होतं. "साधा सदरा म्हंजे आळणी भाकर," असं म्हणून ती दिसेल त्या पोराची कॉलर धरायची. सदरा काढून द्यायची सवड कुठली! अंगावरच काम सुरू.

आता अंगावरचं कापड शिवू नये, शिवलं तर पोराच्या जिवाला बरं नसतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. अगदीच वेळ आली तर पोराच्या तोंडात काडी द्यायची, म्हणजे दोष लागत नाही. काकूनं या तोडग्याचा धंदाच मांडला होता. कमरेला कडब्याच्या काड्या खोचलेल्या. "धर काडी!" म्हटलं की पोरगं दातांत काडी धरून उभं. उभं तरी कुठलं, काकूचे पाय थांबत नसल्यामुळे तेही तिच्याबरोबर अंगणात येरझाऱ्या घालायचं. वर तिची चौकशी चालू. "जेवलास का? काय खाल्लंस? मायनं मारलं का रे?" तोंडात काडी असल्यामुळे पोराला नुसतं "अं अं" करता यायचं. मग उत्तरंही काकूच द्यायची. "मारलंच असंल. तुझी माय लय तापट. ये, गूळ खाऊन जा."

काढायची काय, तर पोपट. दुसरं तिला येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पोपटही येत नव्हता. शेपूट लावलेलं हिरवं वांगं दिसायचं ते. त्यात चोच कधीच नसायची. पंख झाले, शेपूट झालं, डोळा झाला की काकू म्हणायची, "चोच ऱ्हायली. उद्या ये." उद्या पोरगं जायचं, तर काकू शेपटात आणखी एक पीस घालायची आणि चोच पुन्हा परवावर. माझ्या नंदूचे तीन सदरे असे अर्धवट पडले होते. मला हातचं काम टाकून दुसरीकडे धावणाऱ्या माणसांचा मनस्वी राग आहे. हिच्यासारखी धरसोड बाई त्रिभुवनात नसेल, असं मी यजमानांना रोज ऐकवत असे.

त्या पोपटांनी एकदा यजमानांची नोकरीच गोत्यात आणली होती. हैदराबाद राज्य मोडून आम्ही नुकतेच मुंबई राज्यात आलो होतो, वर निवडणुकीचे दिवस. नवे तपासनीस साहेब शाळेत आले आणि पहिलीच्या वर्गाच्या दारातच ताठ झाले. निम्म्या पोरांच्या छातीवर एकच हिरवी खूण.

"हेडमास्तर, ही कोणत्या पक्षाची निशाणी?"

पुढच्या रांगेतलं एक पोरगं उठून म्हणालं, "पोपट हाय, सायब. चोच काढायची ऱ्हायलीय." मागून दुसरं म्हणालं, "माझी बी." मग सगळा वर्गच "माझी बी, माझी बी" करत उठला.

संध्याकाळी यजमान घरात आले ते ओरडतच. "एका तरी पोपटाला चोच काढायला सांग त्या बाईला!" मी तणतणत गेले. काकू म्हणाली, "काढू की. घाई हाय का? उद्या धाडा नंदूला."

हातावरचा पांढरा सदरा मात्र विष्णूचा. विष्णू म्हणजे तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. आई बाळंतपणात गेली, तेव्हा विधवा, पोटी मूल नसलेल्या काकूनं त्याला उचललं आणि वाढवलं. पुढे दिराला येलदरीच्या धरणावर काम लागलं, त्यानं दुसरं लग्न केलं आणि पोराला घेऊन गेला. "पोरगं बापापाशीच असावं," असं काकू सगळ्यांना सांगायची, अर्थात चालता चालता. तेव्हापासून हिचं बूड टेकत नाही, असं गल्लीतल्या बायका म्हणत. सदऱ्याचं माप ती नंदूवरून घ्यायची, दोघं एका वयाचे म्हणून. नंदू वाढला की सदऱ्याची दुमड उसवायची. "विष्णू आता येवढा झाला असंल."

त्या साली दिरानं निरोप धाडला, दिवाळीला पोरगं चार दिवस ठेवतो. काकूनं घर दोनदा सारवलं. दुपारच्या गाडीनं बापलेक उतरले, पण दिराच्या हातात पिशवी नव्हती.

"वैनी, मुक्काम न्हाई जमायचा. ह्याची माय वाट पाहायलीय. परतीच्या गाडीनं जातोत."

काकू "बरं" म्हणाली. मग म्हणाली, "सदरा तरी घालून बघू द्या. चोच ऱ्हायलीय."

नंदूच्या मापाचा सदरा विष्णूला ढगळ झाला. खांदे उतरत होते. काकूनं त्याच्या दातांत काडी दिली आणि विचारलं, "जेवत न्हाईस का रे?" तो "अं" म्हणाला. या वेळी तिनं स्वतः उत्तर दिलं नाही.

आणि अनसाकाकू बसली. दारात, मांडी घालून, पोराला पुढ्यात घेऊन. मी पाहुण्यांसाठी चहा घेऊन येत होते, ती अंगणातच थबकले. सुई पोपटाच्या तोंडाशी आत जात होती, बाहेर येत होती. फाट्यावर गाडीचा भोंगा वाजला.

"वैनी, आटपा की! गाडी सुटायलीय."

"झालंच. येक टाका."

मी चहा घेऊन वाकले आणि पाहिलं. सुईत दोराच नव्हता.

दिरानं पोराचा दंड धरला, ते तसंच, तो सदरा अंगात, काडी तोंडात, मागे बघत, गाडीकडे ओढलं गेलं. धुरळा खाली बसेपर्यंत काकू बसूनच होती.

"काकू," मी म्हटलं, "दोरा?"

"दोरा ओवला आस्ता तर चोच झाली आस्ती," ती म्हणाली. "चोच झाल्यावर पोरगं कशाला येतंय माय परत?"

मग ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि चालायला लागली. मी घरात आले, नंदूच्या अंगातला रंगीत सदरा काढला, साधा घातला आणि त्याला तिच्या दारात सोडून आले.