सुसरबाईच्या दाढेतला काटा

एका जंगलात एक खोल डोह होता, बाळांनो, आणि त्या डोहाची मालकीण होती सुसरबाई. तिची पाठ फणसासारखी खडबडीत. पण पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "सुसरबाई, तुझी पाठ मऊ." म्हणणाऱ्याला पाणी मिळायचं. न म्हणणाऱ्याचं काय व्हायचं, ते सांगायला कोणी परत आलं नाही.

बाईंना दात पुष्कळ आणि दात कोरायला हात तोकडे. म्हणून त्यांनी भागी नावाची एक टिटवी कामाला ठेवली. बाईंनी काठावर ऊन खात आ करायचा, भागीनं आत शिरून दातांतलं टिपायचं. जे टिपेल ते तिचं.

"पळस फुलेपर्यंत उमेदवार म्हणून राहा," बाई म्हणाल्या. "मग तुला कायम करू."

उमेदवार आणि कायम यांत फरक काय, असं तुम्ही विचाराल. विचारावंच. सौद्यात लाजणारा बुडतो. डोहाचा रिवाज असा, की कायम टिटवी आत असेल तर तोंड मिटण्याआधी बाईंनी शेपटी पाण्यावर आपटायची. म्हणजे तिला बाहेर पडायला सवड मिळते. उमेदवार आत असेल तर शेपटी आपटायची गरज नाही. बस, एवढाच फरक.

पळस फुलला. भागी वाळूवर चोच घासूनपुसून हजर झाली.

"बाई, पळस फुलला."

"फुलला का? माझं लक्षच नाही बघ." बाईंच्या नाकावर पळसाचं फूल पडलेलं होतं.

"मग मी कायम ना?"

"तुझ्या कामाबद्दल काही तक्रार नाही हो. पण वृत्ती अजून पाहायचीय. परवा माझी पाठ मऊ म्हणताना तुझा आवाज चिरकला."

"टिटवीचा आवाज आहे, बाई."

"तेच म्हणते मी. सुधार जरा. पुढच्या पळसापर्यंत बघू. तू काय, घरचीच आहेस."

मालक 'घरचाच आहेस' म्हणाला की कान टवकारावेत, बाळांनो. आमच्या पेठेत गुळाचे एक व्यापारी होते. त्यांचे दिवाणजी गल्ल्यापाशी बसून म्हातारे झाले, दात पडले, तरी शेठ गिऱ्हाइकाला सांगायचे, "हा आपला नवीन मुलगा. शिकतोय अजून."

भागी कासवतात्यांकडे गेली. तात्या डोहात सर्वांत जुने. सगळे रिवाज तोंडपाठ, आणि वेळ आली की मान आत ओढण्यातही तेवढेच तरबेज.

"तात्या, पळस फुलून गेल्यावर उमेदवारी वाढवता येते का?"

"मुळीच नाही. वाढवायची तर फुलायच्या आधी सांगायचं, तेही कारण देऊन. बाई गप्प राहिल्या ना? मग तू कायम झालीस."

"मग चला, बाईंना सांगू."

"मी फक्त सल्ला देतो, पोरी. सांगायचं तुझं तू."

"कधी सांगू?"

"त्यांचं तोंड उघडं असताना," असं म्हणून तात्यांनी मान आत घेतली. मग कवचातूनच आवाज आला. "तुझ्या आधीची टिटवी फार कामसू होती. एके दिवशी सगळे दात लखलखीत करून 'झालं बाई, आता काही उरलं नाही' म्हणाली. शेपटी काही वाजली नाही."

भागी परतली ती विचार करतच.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या मागच्या दाढेत माशाचा काटा अडकला होता. भागीनं सगळे दात स्वच्छ केले. काट्याला मात्र चोचीनं हलकेच उभं केलं.

"टोचतंय गं," बाई आ करूनच म्हणाल्या.

"काटा आहे, बाई. उभा बसलाय. तोंड मिटलंत तर टाळूत रुतेल."

"मग काढ की."

"काढते. पण पाय लटपटतात हो. शेपटी वाजेल की नाही, ही धास्ती. कायम टिटव्यांचे पाय कसे स्थिर असतात."

बाईंनी चिडून तोंड मिटायला घेतलं. कळ मस्तकात गेली. पुन्हा आ झाला.

"दुसरी टिटवी आणीन मी."

"आणा ना. पण ती नवी. तिची वृत्ती पाहायला पळस फुलावा लागेल. तोवर आ करून राहाल?"

बाईंनी दुपारपर्यंत दम धरला. तोंड पाण्यात टेकवलं, तर मासे त्यात फेरफटका मारून जाऊ लागले. एका बेडकानं तर आत बसून गाणं म्हटलं. ऊन उतरलं तेव्हा बाईंनी साऱ्या डोहादेखत शेपटी पाण्यावर आपटली आणि म्हणाल्या, "भागी आजपासून कायम."

तात्यांची मान लगेच बाहेर आली. "रिवाज म्हणजे रिवाज. मी म्हटलंच होतं."

भागीनं आत जाऊन काटा आडवा केला. बाईंना तोंड मिटता येऊ लागलं. काढला मात्र नाही.

"थोडा राहिलाय गं," बाई म्हणाल्या.

"तुमच्या दाढेबद्दल काही तक्रार नाही, बाई. पण अजून पाहायचंय. पुढच्या पळसापर्यंत बघू."

 सुसरबाईनं घसा साफ केला आणि म्हणाली, "भागीबाई, तुझा आवाज गोड."

तात्पर्य : हाती घेतलेलं काम अर्धवट सोडू नये, असं थोर लोक सांगतात. ते सगळे कायम झालेले असतात.