बटणाची बरी की हाताची?

“उचलून न्यायला मी काय पेंडीचं पोतं हाय व्हय रं?” साळूबाईनं कृष्णातचे पुढे आलेले दोन्ही हात काठीनं बाजूला सारले.

कृष्णात लाड फौजेतून हवालदार होऊन आलेला गडी. बांगलादेशच्या लढाईत त्यानं जखमी जवान पाठीवर घालून आणले होते. पण कुंडलात स्वतःच्या आईला वरच्या आळीतून खालच्या आळीत नेणं काही त्याला जमत नव्हतं. साळूबाईचे गुडघे गेल्या थंडीत धरले ते सुटलेच नाहीत. बैलगाडी म्हणावी तर ती उसात गुंतलेली, आणि सायकलच्या कॅरिअरवर बसायचं नाव काढलं तरी म्हातारी काठी शोधायची.

खालच्या आळीत राजमती राहायची. खत-बियाण्याचं दुकान चालवणाऱ्या धन्यकुमार मगदुमाची ती आई. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या आणि तेव्हापासून दुपारची भांडी झाली की राजमतीच्या परसातल्या शेवग्याखाली बसायच्या. आता राजमतीच्याही गुडघ्यांनी मैत्रिणीच्या गुडघ्यांना साथ दिली होती. ती दाराच्या उंबऱ्यापर्यंत यायची आणि वरच्या आळीकडे बघून परत आत जायची.

तसे निरोप चालू होते, पण ते नेणार कोण? सुना. “राजमतीला म्हणावं...” एवढं बोलून साळूबाई समोर उभ्या असलेल्या आपल्या सुनेकडं, शालूबाईकडं बघायची आणि मग “म्हणावं, बरी हाय मी” असं म्हणून गप्प व्हायची. कारण जे सांगायचं होतं ते सगळं शालूबाईविषयीच होतं. तिकडून राजमतीची सून चंदनबाला तसलाच पोकळ निरोप घेऊन यायची. वर्षभराचं बोलणं दोघींच्या पोटात आंबत पडलं होतं. साळूबाईला आता देवाकडं दुसरं काही मागायचं नव्हतं. एकदा राजमतीच्या समोर बसायचं आणि पोटातलं सगळं ओतायचं, पण तिथवर आपलं आपण जायचं, एवढाच तिचा हट्ट होता.

शेवटी सुनाच कंटाळल्या आणि आपापल्या नवऱ्याच्या मागं लागल्या. कृष्णात पेन्शनच्या कामासाठी साताऱ्याला गेला होता. तिथं लढाईत पाय गेलेल्या एका जोडीदाराकडं त्यानं तीनचाकी बघितली. सीटच्या पुढं दोन मुठी, त्या हातानं फिरवल्या की साखळीवर चाक फिरायचं. त्यानं खटपट करून तसलीच एक मिळवली आणि एस.टी.च्या टपावर टाकून आणली. इकडं धन्यकुमारच्या मेव्हण्याचं सांगलीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यानं खुर्चीला तीन चाकं लावली, खाली ट्रकची बॅटरी आणि मोटार बसवली आणि हँडलवर एक काळं बटण दिलं. ती गाडी खताच्या ट्रकातून आली. दोन्ही गाड्या एकाच बाजाराच्या दिवशी कुंडलच्या स्टँडवर उतरल्या, आणि तिथंच घोळ झाला.

“हे काय आणलंस रं?” कृष्णातनं विचारलं.

“बॅटरीची गाडी. बटण दाबलं की चालली. हाताला तरास न्हाई, पायाला न्हाई.”

“आन बॅटरी उतरल्यावर? मग काय काकूंनी बटणाची आरती करायची? आमची बघ. मिलिटरी माल. हिला बॅटरी न्हाई, पेट्रोल न्हाई. एकदम फिट.”

“फिट हाय गड्या, पर या वयात साळूमावशीनं चक्री फिरवायची व्हय? त्यापरास तिला मोटेलाच जुंप की.”

झालं. तिथं बाजाराची गर्दी होतीच, लगेच दोन तट पडले. हाताच्या गाडीवाले म्हणाले, बॅटरी म्हणजे परक्याचा भरवसा. बॅटरीवाले म्हणाले, साखळी म्हणजे लुगड्याचा पदर अडकायची सोय. एवढ्यात गर्दी बाजूला करत नाथाजी पुढं आला. नाथाजी जनावरांचा दलाल. खरसुंडीपासून कुठल्याही बाजारात त्यानं बैल बघून ‘घ्या’ म्हटलं की लोक डोळे मिटून घ्यायचे.

“सरका बाजूला. बघायची एक रीत असती,” तो म्हणाला.

“आण्णा, ही गाडी हाय, बैल न्हवं,” धन्यकुमार म्हणाला.

“वढतीय न्हवं? मग झालं.”

नाथाजीनं दोन्ही गाड्यांना एकेक फेरी घातली. कृष्णातच्या गाडीच्या दातेरी चकतीवर बोट फिरवून म्हणाला, “हवालदार, दात लय झिजलंत. तुज्या गळ्यात म्हातारं जनावर घातलंय कुणीतरी.” मग धन्यकुमारच्या गाडीखाली वाकून त्यानं विचारलं, “हिच्या पोटात काय हाय?”

“ॲसिड, आण्णा.”

“आरारा. मग हिला पेंड पचायची न्हाई.”

लोक हसले, पण नाथाजीच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. नुसतं बघून काही खरं नाही, ओढ लावून बघितली पाहिजे, असा त्यानं निकाल दिला. येत्या सोमवारी कुस्त्यांच्या मैदानावर दोन्ही गाड्या पाठीला पाठ लावून कासऱ्यानं बांधायच्या. आपापल्या मालकिणी वर बसवायच्या, कारण वजन ज्याचं त्याचं पाहिजे. जी दुसरीला ओढून नेईल ती सरस. आणि ओढ सुरू झाल्यावर गाडीला किंवा दोराला जो हात लावील तो हरला, हा तर बैलांच्या ओढीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम होता.

घरी साळूबाईनं गाडी बघितली आणि तिचा जीव हरखला. तिनं लगेच डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पानाची चंची कमरेला खोचली.

“बसीव मला. राजमतीकडं जाऊन येती.”

“आज न्हाई, आये. सोमवारी वढ हाय. तवर आपली गाडी त्यांच्या दारात गेली तर गाव म्हणंल, लाडांनी आधीच मान टाकली.”

“आरं मुडद्या, गाडी माज्यासाठी आणलीस का गावासाठी?”

कृष्णातनं गाडी पडवीत ढकलून ठेवली. खालच्या आळीत धन्यकुमारनंही आपल्या आईला हेच सांगितलं होतं. दारात गाडी असून म्हाताऱ्या घरातच राहिल्या. राजमतीनं मात्र भांडण केलं नाही. पुढचे चार दिवस ती दुपारी सगळे झोपल्यावर परसात गाडीवर बसून काय करत होती, ते फक्त शेवग्याच्या झाडाला माहीत.

सोमवारी मैदान फुललं. एकीकडून साळूबाई मुठी फिरवत आली, दुसरीकडून राजमती गुरगुरणाऱ्या बॅटरीवर आली. वर्षानंतर दोघींनी एकमेकींना बघितलं. साळूबाईचे डोळे भरले. “राजमते, वाळलीस गं,” एवढंच ती म्हणाली, आणि राजमती काही बोलणार तोच नाथाजीनं दोन्ही गाड्या वळवून पाठीला पाठ लावल्या.

“आरं, तोंड तर बघू दे की तिचं!” साळूबाई ओरडली.

“साळूअक्का, वढीच्या वक्ताला बोलायचं न्हाई. जनावर बुजतं.”

“कुटलं जनावर रं?”

“नियम म्हंजे नियम.”

कासरा ताणला गेला. नाथाजीनं फेटा उडवला. राजमतीनं बटण दाबलं आणि साळूबाईनं मुठी धरल्या. लोकांना वाटलं म्हातारी लगेच ओढली जाईल. पण साळूबाईनं जन्मभर जातं ओढलं होतं. गुडघे गेले तरी दंड शाबूत होते. बॅटरी घरघरत राहिली, मुठी कुरकुरत राहिल्या आणि दोन्ही गाड्या जागच्या हलेनात. “शाब्बास, आये!” कृष्णात नाचायला लागला. जोर लावता लावता साळूबाईच्या डोक्यावरचा पदर खाली आला. एवढ्या माणसांत उघड्या डोक्यानं बसायचं म्हणजे काय? तिनं पदर सावरायला दोन्ही हात वर घेतले.

बॅटरीची गाडी सुटली. मागं बांधलेली साळूबाईची गाडी उलटी निघाली आणि तिच्या पुढ्यातल्या मुठी आपोआप उलट्या फिरायला लागल्या. धन्यकुमारनं टोपी उडवली. “जितलो! आई, आता बंद कर बटण!”

“कुटलं बटण? मला काय कळतंय त्यातलं?” राजमती पुढं बघत म्हणाली.

गाडी मैदानाच्या बाहेर पडली. तिची चाल म्हणावी तर ओझ्याच्या बैलाइतकी. कुणीही दोन पावलं टाकून ती धरली असती. पण धरणार कोण? 

“धन्या, थांबीव की!” कृष्णात तिच्याबरोबर चालत ओरडला.

“तूच धर की! माझी वढती हाय. मी हात लावला तर जितलेली हरंल.”

“आन मी लावला तर हरलेली पक्की हरंल. आण्णा, काय करायचं?”

“वढ थांबली कुटं हाय अजून? आधी थांबू तर द्या,” मागून धापा टाकत नाथाजी म्हणाला.

अशी ती वरात पेठेतून निघाली. पुढं राजमती, मागं उलट्या तोंडानं साळूबाई, दोन्ही बाजूंना हात पाठीमागं बांधून चालणारे दोन मुलगे आणि त्यांच्यामागं सगळं गाव. साळूबाईचं तोंड गावाकडं असल्यानं तिला सगळे दिसत होते आणि ती एकेकाची विचारपूस करत चालली होती. चहाच्या हॉटेलातली माणसं कप घेऊनच रस्त्यावर आली. वळणावर समोरून उसानं भरलेली बैलगाडी आली. लोकांनी डोळे झाकले. पण राजमतीनं हँडल असं वळवलं, की मागच्या गाडीसकट ती उसाच्या लोंबत्या शेंड्यांना घासून अलगद निघाली आणि गाडीवानानं कौतुकानं मान हलवली. धन्यकुमारला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण तो आपली जिंकत आलेली गाडी बघण्यात दंग होता.

गाडी मळ्याच्या वाटेला लागली. ती वाट पुढं चिंचेखालून सरळ ओढ्यात उतरत होती.

“धन्या, पुढं वढा हाय.”

“दिसतंय मला.”

“मग लाव की हात!”

“आधी तू लाव!”

चिंच जवळ आली. उतार दिसायला लागला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि त्या क्षणी बॅटरी, साखळी, वरची आळी, खालची आळी सगळं दोघांच्याही डोक्यातून गेलं. “आये!” आणि “आई!” अशा आरोळ्या ठोकत दोघांनी एकदमच कासऱ्यावर उडी घातली.

पण त्याआधीच राजमतीनं बटण दाबलं होतं आणि गाडी चिंचेच्या ऐन सावलीत थांबली होती. दोघे मुलगे कासरा धरून मातीत पालथे पडले होते.

नाथाजी येऊन पोचला. त्यानं दोघांच्या हातांकडं बघितलं. “दोघांचं बी हात दोराला. दोघं बी हरला,” त्यानं जाहीर केलं.

“आई, तुला बटण ठाऊक होतं?” धन्यकुमारनं माती झाडत विचारलं.

“न ठाऊक असाया काय झालं? चार दिवस परसात दुसरं काय केलं मी? आता उठ आन तो दोर सोड. माझी गाडी वळवाया पायजे.”

दोर सुटला. राजमतीनं गाडी वळवून साळूबाईच्या गाडीसमोर आणली. गुडघ्याला गुडघे लागले. साळूबाईनं चंची सोडून तिच्यापुढं सुपारी धरली. मग साळूबाईनं नाक पुसलं आणि भोवतीच्या घोळक्याकडं बघितलं.

“तुमी का थांबला? जावा की घरला.”

“जातो, आये. पर कुटली गाडी बरी, तेवढं सांग. गावाला काय सांगायचं?”

“व्हय रं नाथा,” साळूबाई नाथाजीकडं वळली, “एका वढीत कधी बैल कळतो व्हय?”

नाथाजी विचारात पडला. हे तर तोच बाजारात सगळ्यांना सांगत आला होता. “न्हाई,” तो कबूल झाला. “आज कळला तर उद्या कळत न्हाई.”

“मग उद्या परत वढ. हिथंच. आमचं आमी येऊ.”

मुलगे माना खाली घालून घरी निघाले. कृष्णात पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तर चंदनबाला पाटावर बसलेली. समोर शेंगा फोडत शालूबाई. दोघींचं बोलणं इतकं रंगात आलं होतं की त्याला बघून ते मध्येच तुटलं. त्याला फक्त ‘माझी सासू तर’ एवढंच ऐकू आलं.

“आवं, कोण जितलं?” शालूबाईनं विचारलं.

“कोण न्हाई. निकाल लागेस्तवर रोज दुपारी वढ हाय.”

दोघी सुनांनी एकमेकींकडं बघितलं. चंदनबालानं सुपातल्या शेंगा पुन्हा पुढं ओढल्या.

“कृष्णातभावजी,” ती म्हणाली, “निकालाची घाई करू नका हां.”