गाणंपेटीचं कुलूप

"असं ॲप अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात नाही!" भूपेंद्र म्हणाला. हे वाक्य त्यानं चार दिवसांत निदान साठ वेळा म्हटलं होतं. या खेपेला ऐकायला गोठ्यातली म्हैस तेवढी होती.

बिचाऱ्याचंही बरोबर होतं. पुण्याची नोकरी सोडून तो ब्राह्मणपुरीला घरी आला, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला आणि गावानं निकाल देऊन टाकला: पोरगा वाया गेला! आधीची दोन स्थळं "मुलगा करतो काय?" या एका प्रश्नावर आपटली होती. आता तिसरं आलं होतं कळसाडीचं. मुलगी यामिनी, नंदुरबारला कॉम्प्युटर शिकवणारी. शहाद्याच्या एका लग्नात भूपेंद्र तिच्याशी दहा मिनिटं बोलला होता आणि तेव्हापासून ताटात भाजी कुठली आहे हे त्याला कळत नव्हतं. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असा त्याचा पण होता. मुलगा काय करतो, ते आता मुलगा दाखवणारच होता!

ॲपचं नाव 'गाणंपेटी'. भूपेंद्रची आई बेबीबाई गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष. कानबाई देवीची, हळदीची गाणी या मंडळानं म्हणावीत आणि पंचक्रोशीनं ऐकावीत! पण दुसरं एक मंडळ चोरून फोनवर ती गाणी उतरवून घ्यायचं आणि आपलीच म्हणून खपवायचं. म्हणून भूपेंद्रनं बेचाळीस बायकांची गाणी आवाजासकट, चित्रांसकट या पेटीत भरली. एकदाच प्रोग्रॅमची स्क्रिप्ट लिहायची. मग कुठल्याही कंपनीचा फोन असो, लॅपटॉप असो की टीव्ही, सगळीकडे तीच चालणार.

आणि कुलूप? कुलूप तर असं, की विचारू नका! आकड्यांचा पासवर्ड बायका विसरतात, म्हणून भूपेंद्रनं ठरवलं, तोंडानं बोलायचा पासवर्ड. आणि कुठलीही बाई जन्मात विसरणार नाही असा शब्द कोणता? नवऱ्याचं नाव! मंडळाच्या वहीतून बेचाळीस नवऱ्यांची नावं त्यानं भराभरा उतरवून घेतली. नवरे स्वतःच पेटी उघडतील म्हणून पुरुषांचा आवाज बाद. पोरी खेळत बसतील म्हणून लहान आवाजही बाद. तीनदा चुकलं की बरोबर नाव येईपर्यंत ओरडा, आणि तोही एकाच फोनवर नाही, बेचाळीसच्या बेचाळीस फोनांवर! ओरडायला आवाज घेतला उखाकाकांचा. उखाकाका ओट्यावर खोकले की तिकडे शिवारात बैल थांबतात.

एवढं सगळं करून त्यानं ते तपासलंही होतं. फोनमधून बोलणाऱ्या यांत्रिक बाईनं बेचाळीस नवऱ्यांची नावं घडाघडा घेतली. घेणारच! तिला कुठे सासर होतं?

शनिवारी संध्याकाळी ॲप सगळ्या फोनांत गेलं आणि रविवारी अकराला पाहुणे आले. एरवी घर बघायला मुलीचा बाप येतो. इथे बाप गोपालभाऊ आलेच, पण सोबत यामिनीही आली. "राहायचं मला आहे, तर बघणार मीच," म्हणे. भूपेंद्रनं पाण्याचा तांब्या आधी तिच्यासमोर धरला, मग बापासमोर.

पोहे झाले, चहा झाला. गोपालभाऊंनी घसा साफ केला. "मंग, पोऱ्या काय करस?"

भूपेंद्र याच प्रश्नाची वाट बघत होता! त्यानं आईचा फोन टीव्हीला जोडला. पडद्यावर हळदीचा रंग पसरला आणि फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपल्या पतीचं नाव सांगा."

"माय, सांग," भूपेंद्र म्हणाला.

बेबीबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. समोर खाटेवर त्यांचे यजमान रतिलाल बसलेले. "भूपेंद्रना बाप," त्या म्हणाल्या.

"चूक. पुन्हा प्रयत्न करा."

"माय, नाव सांग, नाव!"

"मन्हा तोंडमा ते नाव येवाव नही! तीस वरीसमा लिधं नही, आते पाव्हनासमोर लिसू?"

"चूक. पुन्हा प्रयत्न करा."

"अगं माय, थांब! काही बोलू नको!"

पण बेबीबाई आता फोनवरच चिडल्या होत्या. त्यांनी फोन उचलला, खाटेकडे वळवला आणि म्हणाल्या, "हाई दख ना, खाटवर बठेल शेतस, त्याच!"

आणि गाव हादरलं!

"चोर वना रे चोर! धावा रे धावा!" टीव्ही ओरडला. बेबीबाईंच्या हातातला फोन ओरडला. शेजारी रुपाकाकूंचा ओरडला. गल्लीत ओट्याओट्यावर, देवळात, गिरणीत, कपाशीच्या शेतात बायकांच्या कमरेला, एकीच्या तर ज्वारीच्या कणगीत, जिथे म्हणून फोन होता तिथून उखाकाका बोंबलायला लागले! भूपेंद्रनं टीव्हीची वायर उपटली. टीव्ही गप्प झाला. बाकीचे बेचाळीस चालूच.

गाव काठ्या घेऊन धावलं. सगळ्यांत पुढे खुद्द उखाकाका. चौकात ते गपकन थांबले. "मी आथा उभा शे," ते घाबरून म्हणाले, "मंग वरडी कोन ऱ्हायना?"

उत्तर द्यायला कुणाला वेळ नव्हता. रतिलालच्या दारात अनोळखी गाडी आणि घरात अनोळखी माणूस! दोघांनी गोपालभाऊंना दंडाला घट्ट धरलं.

"सोडा! पाव्हना शेतस त्या!" रतिलाल ओरडले. मग त्यांनी फोन हिसकावला. "मीच रतिलाल शे! मी सोता!"

"पुरुषाचा आवाज चालत नाही," बाई गोडपणे म्हणाली.

"रुपाकाकू, तुम्ही म्हणा!" भूपेंद्र गयावया करू लागला.

"जेठसनं नाव? मन्ही जीभ झडी जाई!"

गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या, पण कुणाचे ते जेठ, म्हणजे थोरले दीर, कुणाचे चुलत सासरे. शेवटी नव्वदीच्या धुडकाआजीला उचलून आणलं. तिला कसली आडकाठी? ती फोनजवळ तोंड नेऊन ठणकावून म्हणाली, "रत्या!"

"चूक."

"रतिलाल म्हण ना आजी!"

"याले मी नागडा खेळताना देखेल शे. याले रतिलाल कशी म्हनू?"

गोपालभाऊंचे दंड अजून सुटले नव्हते. त्यांना एकाएकी सुचलं. "यामिनी, तू ले नाव! तू कोठे यासनी सून शे?"

सगळे वळले. खरंच की! ती तर परगावची. तिला कसली बंदी?

भूपेंद्रला कळलं, तिनं नाव घेतलं म्हणजे ती या घरची सून नाही, हे गावासमोर ठरलं. नाव घेतलं की ओरडा थांबणार आणि सोबत सगळंच थांबणार. आपल्याच कुलपानं आपलं लग्न मोडणार! तरी तो मान खाली घालून म्हणाला, "घ्या. घेऊन टाका."

यामिनीनं फोन हातात घेतला. त्याकडे बघितलं, रतिलालकडे बघितलं, घामानं निथळणाऱ्या भूपेंद्रकडे बघितलं. मग फोन बेबीबाईंच्या हातात परत ठेवला आणि हळूच ओढणी डोक्यावर घेतली.

"बाबा, मी कशी लेऊ?" ती म्हणाली. "सासरानं नाव कोनी लेस का?"

बेचाळीस फोन बोंबलतच होते. मग बेबीबाईंना उमगलं! त्यांनी यामिनीला जे मिठीत घेतलं ते सोडेचनात. रुपाकाकूंनी साखर वाटली. गोपालभाऊंना धरणाऱ्या दोघांनी त्याच दंडांना धरून त्यांना मिठी मारली. "चोर वना रे!"च्या तालावर धुडकाआजीनं दोन पावलं नाचूनही घेतली.

भूपेंद्र आनंदानं आणि ओरड्यानं बधिर होऊन उभा होता. यामिनी त्याच्याजवळ आली. "तुमचा लॅपटॉप कुठे आहे?"

त्यानं आणून दिला; या गोंधळात तो त्याला आठवलाच नव्हता. तिनं स्क्रिप्ट उघडली. गावचे बेचाळीस नवरे त्यात उघड्यावर, ओळीनं बसलेले! तिनं जरा खाली जाऊन ओरड्याची ओळ पुसली आणि बटण दाबलं.

गावभर एकदम शांतता पसरली.

"हे... हे तुम्हाला आधीपासून येत होतं?" भूपेंद्रनं विचारलं.

"हो."

"मग आधीच का नाही केलंत?"

"आधी केलं असतं, तर मला नाव घ्यायला कोणी सांगितलं असतं?"

भूपेंद्रच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अशा वेळी माणसानं काहीतरी गोड बोलावं, निदान गप्प तरी बसावं. पण चार दिवसांची सवय! तो म्हणाला, "पण एकूण ॲप कसं वाटलं?"

"छान," यामिनी म्हणाली. "बंद झाल्यावर."